डाव्या तोंडाची कणीक

पोलादपूरजवळच्या कापड्याला मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी माझ्या घरमालकांनी पहिली विचारपूस माझी केली नाही, माझ्या ट्रंकेची केली. मी ती ओटीवर टेकवली तसे ते वाकले, मधल्या बोटाच्या पेरानं झाकणावर दोनदा ठोकलं, मग कडेला एकदा, आणि घरात तोंड करून म्हणाले, "मास्तर आले गो. ट्रंक निम्मी रिकामी हाय."

खरंच निम्मी रिकामी होती. बरी दिसावी म्हणून मी तिला निघण्यापूर्वी हिरवा रंग लावून घेतला होता, पण तिच्या पोटात काय नाही ते ह्या गृहस्थांनी तीन टिचक्यांत ओळखलं. मला राग आला. तेविशीतल्या माणसाला आपली गरिबी अशी चारचौघांत वाजवून दाखवलेली आवडत नाही. आतून एक बाई पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, रागावू नका. माझ्या बापानं दिलेली भांडी बी ह्यांनी लग्नाच्या मांडवातच ठोकून बघितली होती."

गावात त्यांना सगळे आबा म्हणत. नाव होतं, पण ते सातबाऱ्यावर. उंच, वाळके, मान किंचित डावीकडे कललेली. पाचपन्नास मण भात होईल एवढी जमीन, एक बैलजोडी, एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत. हे सगळं त्यांच्या मते वरकड होतं. मूळ काम पखवाज वाजवण्याचं. पोलादपुराच्या पंचक्रोशीत भजन असलं की आधी आबांना निरोप जाई, मग तिथी ठरे.

ठोकण्याची त्यांची खोड साऱ्या गावाला माहीत होती. फणसाच्या दिवसांत लोक त्यांना हाताला धरून झाडाखाली नेत. ते काठीनं फणसाला एक टोला देत आणि "परवा" किंवा "अजून आठ दिस" म्हणून चालू लागत. घराच्या आढ्याला वासा घ्यायचा तर सुतार त्यांना बोलवी. मडकं, भोपळा, बैलाची बरगडी, भिंत, दार; हाताला लागेल ते ठोकायचं आणि मान कलती करून ऐकायचं. कोणी हसलं तर एकच उत्तर ठरलेलं, "ठोकल्याशिवाय कळत नाय."

माणसांनाही ते त्याच हिशेबात धरत. पखवाजाला दोन तोंडं. उजव्यावर शाई कायमची बसवलेली असते, ते खणखणीत बोलतं. डाव्यावर मात्र दर वेळी गव्हाची ओली कणीक थापावी लागते, आणि वाजवून झालं की खरवडून काढावी लागते. त्या कणकेनं डाव्याला खोली येते, ती नसली तर ते नुसतं टपटपतं. एका पंधरा ऑगस्टला मी शाळेपुढे जोरदार भाषण केलं. आठ दिवस पाठ करत होतो. संध्याकाळी आबांना विचारलं, कसं झालं? ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले, मग म्हणाले, "उजवं चांगलं वाजलं. डाव्याला कणीक नव्हती." पुढं आयुष्यात मी पुष्कळ भाषणं केली आणि ऐकली. एवढं नेमकं बोलणारा पुन्हा कोणी भेटला नाही.

आता आमच्याकडे गहू कुठला? भात, नाचणी, वरी, संपलं. गहू म्हणजे महाडच्या बाजारातून आणायची चीज. आबांच्या घरी पिठाचा एक पितळी डबा होता आणि तो फक्त पखवाजाचा. माणसांनी भाकरी खायची, चपाती खायचा मान डाव्या तोंडाला. ती कणीक मळायच्या त्या बाई, म्हणजे आबांची बायको. मी त्यांना काकी म्हणायचो. भजनाच्या दिवशी दिवेलागणीला त्या परातीत मूठभर पीठ घेऊन बसत, बेतानं पाणी घालत, आणि गोळा मऊ झाला की आबांच्या तळहातावर ठेवत. आबा तो दाबून बघत. क्वचित परत देत. "घट्ट झाली" म्हणाले की काकी म्हणत, "पोराला बी एवढं मऊ नाय भरवलं मी." पण पुन्हा मळत. भजनाहून आल्यावर खरवडलेला गोळा गाईला जाई. इतक्या वर्षांत त्या कणकेचा घास त्या घरातल्या माणसानं खाल्ला नव्हता.

काकी बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि सारख्या हसऱ्या. आबा त्यांच्या पाठीवरही ठोकत. कामाला वाकलेल्या असल्या की येता-जाता एक टिचकी. "बरी वाजतीस" म्हणत. मला सुरुवातीला ते बघून संकोच वाटायचा. नवरा-बायकोनं परक्या माणसादेखत असं वागावं का? मग कळलं की ह्या माणसाला माया करायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

दुसऱ्या वर्षीचा आषाढ फार वाईट होता. घरात कपडे वाळत नव्हते, वह्यांना बुरशी आली, मिठाच्या मडक्याखाली पाण्याचं डबकं. काकींना खोकला लागला होता. बारीक ताप, आणि चालताना मध्येच थांबून दम घ्यायच्या. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी घरी आलो तर त्या स्वयंपाकघरात पाटावर पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि आबा त्यांच्या पाठीवर ठोकत होते. नेहमीची टिचकी नव्हे. वरून खाली, सावकाश, एकेक जागा धरून. उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"डावं उतरलंय," ते म्हणाले.

काकी खोकत खोकत हसल्या. "आता मला बी वादी ओढून चढवताव काय?"

"नको. दमट हवा हाय. चुलीपाशी बस. उनं पडली की आपसूक चढंल."

पखवाजवाल्याच्या दृष्टीनं ह्यात काही चूक नव्हती. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, सैल पडतं, डावं तोंड बसतं. जाणता माणूस तेव्हा कातडं ताणणाऱ्या चामडी वाद्या ओढून वाद्याशी झोंबाझोंबी करत नाही. जाळापासून हात-दोन हातांवर ठेवतो, शेकवतो, उन्हाची वाट बघतो. आबांचा पखवाज त्या दिवसांत चुलीजवळच्या खुंटीला असायचाच. त्याच्याखाली त्यांनी काकींचा पाट सरकवला, अंगावर घोंगडी घातली, आणि लाकडं पुढं सारली. मला ते दृश्य मोठं मजेचं वाटलं. वर पखवाज शेकतोय, खाली बायको शेकतेय. मी दारात उभा राहून मोठ्यानं हसलो. काकी हसल्या. आबासुद्धा हसले.

मी शिकलेला होतो. सातवीच्या पुस्तकातलं फुफ्फुसांचं चित्र मी दर वर्षी फळ्यावर काढत असे. हे एवढं इथं लिहून ठेवतो.

आषाढ गेला, श्रावण गेला. उनं पडली, पखवाज चढला. काकी नाही चढल्या. भादव्यात त्यांना उजव्या कुशीवर निजवेना म्हणून शेवटी एस.टी.नं महाडला नेलं. मीही बरोबर गेलो. डॉक्टर पोक्त, कमी बोलणारे होते. त्यांनी काकींना पाठ करून बसवलं, आपला डावा पंजा त्यांच्या पाठीवर सपाट टेकवला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्या पंजावर ठोकायला सुरुवात केली.

आबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. माणसाला असं ठोकून बघणारा दुसरा कोणी असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी मान कलती केली. उजव्या बाजूला आवाज मोकळा, पोकळ येत होता. डाव्या बाजूला वर जरासा तसाच, आणि खाली सरकल्यावर एकदम बद्द. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. मलासुद्धा कळला. डॉक्टर सरळ होण्याच्या आत आबा म्हणाले, "खालच्या चार फासळ्यांत नाय बोलत."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "बरोबर. छातीत पाणी झालंय. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आषाढातच ठोकलं होतं मी."

"मग आषाढातच का आणलं नाहीत?" डॉक्टर रागानं बोलले नाहीत, त्यांना खरंच कळेना. "तेव्हा पाणी काढून औषध सुरू केलं असतं तर बाई हिंडत्या-फिरत्या असत्या. आता अंगात राहिलंय काय?"

मीच पुढं झालो आणि म्हणालो की सावित्री नदीला पूर होता, रस्ता बंद होता. डॉक्टरांनी मान हलवली आणि सुई उकळायला सांगितली. बाहेर बाकावर बसल्यावर आबा म्हणाले, "पूर दोनच दिस होता, मास्तर."

नवरात्रात काकी गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, पितळी डब्यात पोरकिडे झालेत, पीठ चाळून घ्यायला सांगा ह्यांना. शेवटचं बोलणं काय करावं माणसानं!

प्रेताबरोबर भजन झालं ते टाळांवरच. तेरावं झालं, मुलगा मुंबईला परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी खुंटीवरचा पखवाज खाली काढला. मला वाटलं, बरं झालं, आता मन रमवतील. त्यांनी कोयती घेतली आणि त्याच्या वाद्या एकेक करून सपासप कापल्या. कातड्याच्या दोन्ही पुड्या उपसून परसात फेकल्या. राहिलेलं लाकडी खोड गोठ्याच्या कोपऱ्यात लोटून दिलं. पंधरा दिवसांनी एका कोंबडीनं त्यात अंडी घातली. शेजारी तेही मला हसत हसत दाखवायला आले. मला काही हसू आलं नाही.

त्यानंतर घरात आवाज असा राहिलाच नाही. आबा शेतावर जात, येत, स्वतःची भाकरी स्वतः थापत. माझंही ताट वाढत. पण हात कशाला लावला तरी तो ठोकत नव्हता, नुसता पडून असायचा. मी एकदा मुद्दाम भोपळा आणला आणि विचारलं, बघा बरं, चांगला आहे का? त्यांनी तो उचलून विळीशी ठेवला आणि चिरला.

माघात गावचा सप्ता असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही आणि पखवाज गप्प राहू द्यायचा नाही, अशी रीत. दुसरे एक-दोघं हात मारणारे होते, पण वाद्यच नव्हतं. मुंबईकर मंडळींनी आपसात ठरवून नवा पखवाज द्यायचं कबूल केलं. आबांच्या मुलानं पत्र लिहिलं की तिकडून फर्स्टक्लास माल घेऊन कोणाबरोबर तरी धाडतो, फिकर नको. भजनाचे बुवा, म्हणजे आमचे मुख्य गाणारे, आबांचे लहानपणापासूनचे सोबती, ते पत्र घेऊन ओटीवर आले. मी आतून ऐकत होतो. बुवा म्हणाले की मुंबईहून येईल तो येईल, पण तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय मी त्याच्यावर गाणार नाही. आबा म्हणाले, मी वाजवणार नाही. बुवा म्हणाले, वाजवू नको, निवडून तर दे. फणस बी ठोकून घेतो आपण, आणि देवाच्या दारातलं वाद्य काय न ठोकता घ्यायचं?

आबांनी शेवटी होय म्हटलं. बुवांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्यांना, आणि मलाही, वाटत होतं की हा माणूस एकदा नव्या पखवाजापाशी बसला की हात आपोआप उठेल. खरं सांगायचं तर आम्हाला पखवाज नको होता, आबा हवे होते.

महाडच्या पेठेतल्या एका बोळात एक घाटावरचा कारागीर तबले, पखवाज मढवून देत असे. मुंबईकरांना माल नको, पैसेच धाडा म्हणून कळवलं, आणि ते आल्यावर सप्त्याला सहा दिवस असताना आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. निघताना आबांनी पितळी डबा उघडून पीठ चाळलं आणि फडक्यात बांधून घेतलं. ते बघून बुवांनी मला कोपरानं ढोसलं.

कारागिरानं सहा पखवाज ओळीनं मांडले. आबांनी पहिल्यांदा एकावरही थाप मारली नाही. प्रत्येकाजवळ उकिडवे बसले. खोडावर पेरानं ठोकलं, कातड्याचा वास घेतला, वाद्यांवरून अंगठा फिरवला, मांडीवर घेऊन वजन पाहिलं. दोन तिथंच बाजूला सारले. एकाचं लाकूड ओलं असताना कोरलंय म्हणाले, दुसऱ्याची पुडी शाईच्या वजनानं दमलीय. कारागीर आधी जरा ऐटीत होता, तो सावरून बसला. मग आबांनी पाणी मागून स्वतःच कणीक मळायला घेतली. पातळ झाली. त्यांनी पुन्हा पीठ घातलं, पुन्हा मळली, तरी बोटांना चिकटत होती. बुवांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

उरलेल्या चारांत एक फारच सुरेख होता. फणसाचं खोड, हलका, दोन्ही तोंडं जुळलेली. आबांनी डाव्यावर थाप दिली आणि बोळातून जाणारा एक हमाल डोक्यावरच्या पोत्यासकट थांबला. असा भरून येणारा आवाज मी त्याआधी फक्त त्यांच्या जुन्या पखवाजातून ऐकला होता. बुवा म्हणाले, "झालं. ह्योच."

आबासुद्धा मान हलवत होते. आणि मग त्यांना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा ठेवलेला सातवा दिसला.

"त्यो?"

"तो राहू द्या," कारागीर ओशाळून म्हणाला. "खोड शिवणीच्या लाकडाचं, चांगलं आहे. पण मला जमला नाही. उजवं बोलतं, डावं बसलंय. पुडी बदलून बघणार होतो. आता ऊन चांगलं लागू दे म्हटलं, बघू चढला तर."

आबा उठून त्याच्याजवळ गेले. कणकेचा गोळा डाव्या तोंडावर थापला आणि एक थाप मारली.

बद्द.

तो आवाज मी ओळखला. डॉक्टरांच्या खोलीत ऐकला होता तोच. आबांनी पुन्हा थाप मारली नाही. हात तिथंच ठेवून बसून राहिले. इतका वेळ, की कारागिरानं मला खुणेनं विचारलं, ह्यांना काही होतंय का? मग त्यांनी आपल्या अंगावरची घोंगडी काढली आणि त्या पखवाजाला गुंडाळायला लागले.

"ह्यो घेतला."

बुवांना आधी थट्टा वाटली. मग ते समजावू लागले, मग चिडले. सहा दिवसांवर सप्ता, गावाचं काम, मुंबईकरांनी विश्वासानं सोपवलेलं, आणि तू दुकानातला नासका माल उचलतोस? आबांनी सगळं ऐकून घेतलं. कारागिराकडून एक कोरी पुडी आणि वाद्या तेवढ्या मागून घेतल्या. तोही घाबरला होता. म्हणाला, "निदान आठ दिवस इथं राहू द्या. उन्हात ठेवतो. नाहीच चढला तर मग बघू."

"उन्हाची वाट नाय बगायची," आबा म्हणाले. "आजच उघडायचा."

एस.टी.त त्यांनी तो मांडीवर आडवा धरला होता. बुवा दोन बाकं पुढं जाऊन बसले. पोलादपूर येईतो त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणं, बायको गेली आणि म्हाताऱ्याचा कान बी गेला. बुवांनी शिवथरला माणूस धाडून तिथल्या मंडळाचा पखवाज सात दिवसांपुरता मागितला. मला आबांची बाजू घ्यायची होती, पण काय म्हणून घेणार? चांगला सोडून वाईट निवडला हे खरंच होतं. का निवडला ते मला कळलं होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी माझी बदली झाली. ट्रंक ओटीवर ठेवली, बैलगाडी यायची होती. आबा दारातून आले, ट्रंकेपाशी थांबले. त्यांचा हात उठला, बोट वाकलं, झाकणापासून चार अंगुळांवर थांबलं, आणि त्यांनी तो हात धोतराला पुसला. "भरली असंल आता," म्हणाले. मी होय म्हटलं. त्या माघानंतर त्यांनी कशावर ठोकलेलं मी पाहिलं नाही. सप्त्यात मात्र सातही दिवस वाजवलं. शिवथरचा पखवाज आला तसाच परत गेला. बुवांनी भर देवळात आबांचे पाय धरले, आणि तसा पखवाज पुन्हा झाला नाही असं कापड्यात म्हणतात. शेवटच्या दिवशी काला झाल्यावर आबांनी तो देवळातल्या खुंटीला अडकवला आणि परत कधी हातात घेतला नाही. लोकांना सप्ता आठवतो. मला आठवते त्याच्याआधीची एक संध्याकाळ.

महाडहून आलो त्याच दिवशी आबांनी कंदील जवळ घेऊन वाद्या सोडल्या आणि डावी पुडी उतरवली. मी बाजूला बसलो होतो. त्यांनी खोडाच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि माझं बोट धरून त्या जागी टेकवलं. कड एका अंगाला किंचित उतरती होती. तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढ्या जागी कातडं लाकडाला टेकतच नव्हतं, आणि म्हणून सगळं तोंड मुकं झालं होतं. कारागिराच्या नजरेतून ते सुटलं, कारण तो पुडीतच दोष शोधत होता.

दुसरा दिवस त्यांनी कड सारखी करण्यात घालवला. कानशीनं घासायचं, फुंकर मारायची, सपाट फळीवर तोंड उपडं टेकवून उजेड कुठून दिसतो का बघायचं. शेताकडे फिरकले नाहीत. जेवायला हाक मारली तर हूं म्हणाले. तिसऱ्या दिवशी भिजवलेली कोरी पुडी चढवली, वाद्या ओवल्या आणि ताणल्या. माघातलं कोरडं ऊन होतं, तरी त्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला नाही. अंगणातून चुलीपाशी, चुलीपासून अंगणात, दिवसभर ते त्याला घेऊन फिरत होते. आजारी मूल खांद्यावर घेऊन माणूस येरझाऱ्या घालतो तसे.

दिवेलागणीला त्यांनी परात घेतली. मूठभर पीठ, बेतानं पाणी. पहिला गोळा पातळ झाला तो गाईसाठी बाजूला ठेवला. दुसरा बराच वेळ मळला. मग तो तळहातावर घेऊन दाबून बघितला, आणि क्षणभर तसेच बसले, कोणीतरी तो हातावर ठेवला असल्यासारखे. काकींचा पाट अजून चुलीपाशीच होता. ते त्याच्यावर बसले, गोळा डाव्या तोंडावर थापला, आणि हात उचलला.

एकच थाप मारली. फडताळातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांनी हुंकार भरला, पाण्याच्या हंड्यावरची वाटी थरथरली. आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत आला, आणि संपता संपेना. मला आनंद आवरला नाही. मी म्हणालो, "आबा, बोललं की हो! केवढं बोललं!"

त्यांनी मान कलती करून तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. पार विरेपर्यंत. मग डाव्या तोंडावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तीन दिसांचं काम होतं, मास्तर."

त्याच चुलीपाशी, त्याच दारात उभा राहून आषाढात मी हसलो होतो, आणि ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.